उतरलेला पत्रा

सिमेंटच्या पत्र्यावर चालताना पाय कुठे ठेवायचा, हे बादशाहचाचांना बघावं लागत नसे. खाली लोखंडी अँगल जिथून गेलेला असतो, तिथे वर हुकांच्या डोक्यांची एक रांग दिसते. त्या रांगेवरून माणूस चालला तर पत्रा त्याचं वजन घेतो. दोन रांगांच्या मध्ये पाय पडला की पत्रा पापडासारखा मोडतो आणि माणूस खालच्या घरात. चाचा त्या रांगांवरून मान वर करून, खालच्या माणसाशी बोलत बोलत जात. चाळीस वर्षांत ते एकदाही पडले नाहीत.

पिंपळीत त्यांचं घर. वय साठीच्या पुढे, अंगकाठी बारीक, मिशी पांढरी, आणि तळहात असे की बाभळीच्या काट्यालाही दम लागावा. बारामतीपासून इंदापूरच्या अंगाला कळसपर्यंत ज्या घरांवर, गोठ्यांवर, दुकानांवर सिमेंटचा पत्रा आहे, त्यातल्या कितीतरी घरांवर त्यांची पावलं उमटून गेलेली. पत्र्यावर बोटाची पेरं वाजवून ते त्याचं वय सांगत. "नवा पत्रा खणखणीत बोलतो," ते म्हणत, "जुना घसा बसल्यावानी." लोखंडी पत्र्याबद्दल त्यांना आदर नव्हता. उन्हाळ्यात भाजतो, पावसात कुणाला बोलू देत नाही, दहा वर्षांत गंजतो. सिमेंटचा पत्रा म्हणजे गरिबाचा स्लॅब, असं त्यांचं मत. आणि ते मत त्यांनी गावोगाव पटवलं होतं.

संध्याकाळी ते घरी येत तेव्हा भुवया, कान, सदऱ्याच्या घड्या सगळं राखाडी झालेलं असे. त्यांची बायको खतिजाचाची दारातच कपडे उतरवून घेई, अंगणात दोन्ही हातांनी झटकी आणि मग भिजत घाली. झटकताना ती तोंड बाजूला करी, शिंक येऊ नये म्हणून. धुळीबद्दल त्या घरात एवढाच विचार होता.

त्यांच्या धंद्यात एक रीत होती. कुणाचं जुनं छप्पर उतरवायचं काम निघालं, की उतरलेला पत्रा उतरवणाऱ्याचा. घरमालकाचं लक्ष नव्या पत्र्याकडे असतं. जुना कोण सांभाळणार? तो हक्क कुणी लिहून दिलेला नव्हता, पण कुणी मोडतही नसे. चाचा तो पत्रा भंगारात घालत नसत. सबंध पत्रा कुणाच्या गोठ्याला, अर्धा कोंबड्यांच्या खुराड्याला, तुकडे न्हाणीच्या आडोशाला. लग्नकार्यात चूल मांडायची तर वाऱ्याच्या बाजूला त्यांचाच तुकडा उभा राही. बादशाहभाईकडे गेलं की मोकळ्या हातानं परतावं लागत नाही, हे पिंपळीतल्या बायकांना ठाऊक होतं.

अरफात हा त्यांचा भाचा. बहिणीचा नवरा लवकर गेला, तेव्हा बहीण आणि दहा वर्षांचा अरफात पिंपळीला आले ते तिथेच राहिले. चाचांची मुलगी साजिया आणि तो एका ताटात जेवून वाढले. हुकांच्या रांगेवरून चालायला चाचांनीच त्याला शिकवलं, आणि पुढे शिकायलाही त्यांनीच पाठवलं. अरफातनं सिव्हिलचा डिप्लोमा केला, दोन-चार वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली आणि मग स्वतःच ठेकेदार झाला. बारामतीत स्लॅबचं घर बांधलं, पांढरी मोटार घेतली. त्याची मोटार दारात उभी राहिली की चाचा उगाच एकदा बाहेर जाऊन येत.

या वर्षी थंडी सरता सरता तो आला. बारामतीच्या बाहेर एका संस्थेची कामगारांसाठी बांधलेली जुनी चाळ पाडायची होती. बारा खोल्या, सगळ्यांवर सिमेंटचे पत्रे, चाळीस-पन्नास वर्षांचे. काम अरफातला मिळालं होतं.

"मामू, पत्रं उतरवायचं काम तुमच्याशिवाय कुणाला देऊ?" तो म्हणाला.

"मी हाय की. गडी किती आणू?"

"तीन आणा. आन रीतीपरमाणं पत्रा तुमचा."

चाचा हसले. "आरं, एवढ्या पत्र्याचं करू काय मी?"

"कळसला साजियाच्या घरावर घाला की. टेम्पो मी पाठवतो."

साजिया कळसला दिलेली. तिचा नवरा पंक्चरचं दुकान चालवतो. सासरची वाटणी होऊन त्यांच्या वाट्याला एक मोकळा तुकडा आला होता. त्यावर विटांच्या भिंती उभ्या राहिल्या आणि वर ताडपत्री. तिची मुलगी माहेनूर, चाचांची लाडकी माही, अडीच वर्षांची. ऊन वाढलं की पोर ताडपत्रीखाली घामोळ्यांनी रडे. चाचांच्या मनात ते छप्पर कितीतरी दिवस होतं. भाच्याच्या मनातही ते आहे, हे ऐकून त्यांचे डोळे भरून आले.

तीन दिवसांत त्यांनी चाळ उघडी केली. जे हुक गंजले होते ते घण घालून तोडले, जे पत्रे अडकले ते फोडून काढले. गडी वरून तुकडे खाली टाकत; खाली राखाडी धुरळा उठे आणि वाऱ्यानं बोरीच्या झाडाकडे जाई. अरफात रोज यायचा, पण लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, मोटारीला टेकून उभा राहायचा. तोंडावर जाड पांढरा मास्क, त्याला पुढे गोल झाकण.

"कोरोना गेला की रं!" चाचा वरून ओरडले. "कशाला बैलावानी मुसकं बांधलंस?"

"ॲलर्जी हाय मामू, धुळीची."

"धुळीची ॲलर्जी आन ठेकेदार झालाय!" गडी हसले. चाचाही हसले. अरफात खाली बघत मोबाइल चाळत राहिला.

बावीस सबंध पत्रे निघाले. ठरल्याप्रमाणे अरफातचा टेम्पो आला आणि ते कळसला गेले. चाळीचे पत्रे खोलीपेक्षा लांब होते. चाचांनी अंगणात ग्राइंडर लावून ते मापात कापले. नव्या जागी नवी भोकं पाडली. पेरूच्या पानांवर, पाण्याच्या पिंपावर, उंबऱ्यावर पिठासारखा थर बसला. माहेनूर त्या उंबऱ्यावर बसून बोटानं रेघा ओढत होती. चाचांनी तिला उचलून बाजूला ठेवलं, खराट्यानं अंगण झाडलं आणि सगळा भुगा न्हाणीच्या खड्ड्यात भर म्हणून टाकला. काही वाया घालवायचं नाही, हा स्वभावच. शेवटचा हुक आवळून ते खाली उतरले तेव्हा साजियानं त्यांच्या हातात चहा दिला आणि ती नुसतीच वर बघत राहिली.

पुढे दोन महिन्यांनी, चाचा लेकीकडे राहायला गेले असताना, अरफात कळसला आला. हातात प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कागद.

"मामू, एक सही पायजे. बिल अडकलंय माझं."

कागद दुमडलेला होता. सहीची तेवढी जागा वर. खाली छापलं होतं: कामगार प्रमुख, आणि पुढे चाचांचं संपूर्ण नाव, आडनावासकट. चाचांना वाचता येई, पण सावकाश, अक्षर अक्षर. त्यांनी आपल्या नावावरून बोट फिरवलं. आयुष्यात शिधापत्रिकेवर आणि मतदान ओळखपत्रावर सोडून त्यांचं नाव कुठे छापलेलं नव्हतं. आणि इथे नावाच्या आधी 'प्रमुख' होतं.

"साजिया," त्यांनी हाक मारली, "इकडं ये. वाच गं जरा मोठ्यानं. अब्बा परमुख झाला तुझा."

"वाचायचं काय त्यात? नेहमीचंच हाय," अरफात म्हणाला.

"ऐकू दे की लेका. माझं नाव हाय."

साजियानं कागद उलगडला. ती दहावी झालेली; शाळेत कवितेला उभी राही तशी सरळ उभी राहून वाचू लागली.

"सदर इमारतीवरील ॲस्बेस्टॉस सिमेंटचे जुने पत्रे काढताना ते प्रथम पाण्याने पूर्ण ओले करण्यात आले. पत्रे न फोडता, हुक कापून, अखंड उतरवण्यात आले. सर्व कामगारांना धूळरोधक मास्क, हातमोजे व एकदाच वापरायचे कपडे पुरवण्यात आले..."

चाचांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं. ते काढायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"काढलेले पत्रे व तुकडे दुहेरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, घातक कचरा म्हणून, परवाना असलेल्या जागी पाठवण्यात आले. कोणताही पत्रा अथवा तुकडा पुन्हा वापरण्यासाठी..." साजिया थांबली. तिनं एकदा वर बघितलं, पत्र्याकडे. मग उरलेले शब्द वाचले. "...कोणालाही देण्यात आलेला नाही."

घरात माहेनूर झोपली होती. पंखा फिरत होता.

"घातक म्हणजी?" चाचांनी विचारलं.

"कागदाची भाषा हाय मामू. सरकारी कागदात सगळंच घातक असतं."

"ॲस्बेस्टॉस म्हणजी काय?"

"सिमेंटच्या पत्र्याचंच नाव. सिमेंटात ते मिसळत्यात, बळकटी यावी म्हणून."

"मग दुहेरी पिलास्टिक कशाला?" साजियानं विचारलं. "बळकटीला?"

अरफातनं घड्याळ बघितलं. "साजिया, तुला ह्यातलं कळत न्हाय."

"न्हाय कळत. म्हणूनच इचारते अरफातभाई. हे खरं असंल तर माझ्या डोक्यावर काय हाय? आन हे खोटं असंल तर अब्बाची सही कशाला?"

चाचांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "दोन दिस थांब," ते म्हणाले. अरफात परत मागायला पुढे झाला, पण मामूच्या खिशात हात घालण्याइतका तो अजून परका झालेला नव्हता. तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी साजिया, चाचा आणि खतिजाचाची बारामतीला छातीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी कागद वाचला, मग चाचांकडे बघितलं.

"किती वर्षं पत्रे कापता?"

"चाळीस झाली."

"तोंडाला काही बांधून?"

"टावेल. थंडी असली तर."

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. तो येईपर्यंत सांगत राहिल्या, घाई न करता. पत्रा जागेवर धड बसलेला आहे तोवर तो फारसा त्रास देत नाही. तो फोडला, कापला, त्याला भोकं पाडली, कोरडा खराटा मारला, की त्यातले बारीक तंतू हवेत जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासातून आत गेले की त्यातले पुष्कळसे आतच राहतात. आजार लगेच दिसत नाही. वीस, तीस, कधी चाळीस वर्षं लागतात.

"कपडे कोण धुतं यांचे?" त्यांनी विचारलं.

खतिजाचाची इतका वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. "मीच की," ती म्हणाली. मग डॉक्टर का गप्प झाल्या ते तिला कळलं नाही. चाचांना कळलं.

फोटोत फुप्फुसाच्या कडेला थोडा जाडपणा होता. पुढे तपासत राहायला हवं, आणि चाचींचाही फोटो काढायला हवा, असं डॉक्टर म्हणाल्या. चाचांनी मान हलवली. त्यांना आपल्या फोटोत रस नव्हता.

"नात हाय माझी. अडीच वर्षांची. तिच्यासमोर कापलं मी. अंगणात."

"एकदाच?"

"एक दिवस."

"एका दिवसाच्या धुळीनं काही होईलच असं नाही. बहुतेक होणार नाही. पण नाहीच होणार, असं मी लिहून देऊ शकत नाही. आता आणखी धूळ होऊ द्यायची नाही. पत्रा चांगला असेल तर हलवू नका, रंगाचे जाड हात द्या. झिजला असेल, कडा उघड्या असतील, तर काढलेला बरा. पण जाणकार माणसाकडून, ओला करून, न फोडता."

"जाणकार मीच हाय की," चाचा म्हणाले. यावर कुणी हसलं नाही.

बाहेर आल्यावर ते एसटी स्टँडकडे चालू लागले. मध्येच थांबून साजियाला म्हणाले, "चाळीस वर्षांनी मी मातीत असंन. माही बेचाळीसची असंल."

पिंपळीत उतरल्यावर ते घरी न जाता आधी शेजारच्या सारजाअक्कांकडे गेले. सारजाअक्का एकट्या राहतात, जीभ धारदार. त्यांच्या न्हाणीचा आडोसा चाचांनी दिलेल्या तुकड्यांचा आहे.

"अक्का, ती न्हाणी फोडू नका. झाडायची तर पाणी मारून झाडा."

"का रं? तिच्यात काय पुरून ठेवलंस?"

चाचांनी जमेल तसं सांगितलं. अक्का ऐकत राहिल्या.

"म्हंजी ही धा वर्षं मी इखाच्या खोलीत आंघुळ करती व्हय?"

"हलवला न्हाय तर काय करत न्हाय तो. मी रंग आणून देतो. दोन्ही अंगानं मारू."

"आन रंग वाळंस्तवर? उघड्यावर बसू? गावाला तिकीट लावतोस का?"

चाचा उभेच राहिले. अक्कांचा आवाज जरा उतरला. "तू दिलास म्हणून घेतला, बादशाहभाई. दुसऱ्या कुणी फुकट दिला असता तर मी चार जणांना इचारलं असतं."

त्या सहज बोलल्या. पण तेच वाक्य, अरफातच्या नावानं, दोन दिवस चाचांच्या छातीत अडकून बसलं होतं, फक्त त्यांना ते सापडत नव्हतं. घरी येऊन ते न जेवता पडून राहिले. त्यांच्या हातून गेलेले तुकडे त्यांना एकेक आठवत होते: कुणाचं खुराडं, कुणाची चूल, डाळजच्या एका गोठ्यातली गव्हाण. तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं, हे ते कुणालाही डोळ्याला डोळा भिडवून सांगू शकत होते. अरफात तेवढंही सांगू शकत नव्हता.

सकाळी तो आलाच. कागदासाठी. चाचांनी त्याला अंगणात खाटेवर बसवलं. खतिजाचाचीनं सवयीनं पाणी आणून ठेवलं.

"तुला म्हाईत हुतं?"

अरफातनं पाण्याचा तांब्या हातात धरला, प्यायला नाही. "एक दिवसाचं ट्रेनिंग झालं हुतं, पुण्याला."

"कवा?"

"काम घ्यायच्या आदी."

"ते मुसकं?"

"तितंच दिलं. खोकं हुतं."

"किती हुती खोक्यात?"

"ईस."

"आमी चौघं हुतो," चाचा म्हणाले.

कोंबड्या खाटेखालून निघून गेल्या. अरफात एकदम बोलू लागला. मामू, दुकानात आजही हाच पत्रा मिळतो, बंदी नाही. ती वाहतूक, ते प्लॅस्टिक, ती लांबची जागा, एवढं सगळं करत बसलं तर काम परवडत नाही. सगळेच असं करतात. शेवटी तो म्हणाला, "आन तुमी चाळीस वरसं हेच करत आलाय मामू. मला वाटलं, तुमचं जे व्हायचं ते झालंच असंल. तीन दिसांनी काय फरक पडतोय?"

खतिजाचाची आत जायला वळली होती, ती दारातच थांबली.

चाचांना राग आला असता तर बरं झालं असतं. तो आला नाही. दहा वर्षांच्या त्या पोराचा हात धरून आपण त्याला शिडी चढवली, तेव्हा त्याचे तळवे किती ओले होते, ते त्यांना आठवलं. खाली बघू नको, हुकाकडं बघ, मी मागं हाय.

"आन माहीचं बी जे व्हायचं ते झालंय व्हय?"

"मी नवीन कलर पत्रं आणून देतो साजियाला. उद्याच. सही तेवढी करा. कागद गेला न्हाय तर माझं लायसन जाईल मामू."

चाचांनी खिशातून कागद काढला. "ह्यात लिवलंय तसं कर," ते म्हणाले. "पाणी, पिलास्टिक, गाडी. सगळं. मग बघू."

चार दिवसांनी कळसला ते काम झालं. साजियाचं बिऱ्हाड आदल्या दिवशीच दिराच्या खोलीत हलवलं होतं. माहेनूरला त्या दिवशी खतिजाचाचीनं पिंपळीला नेलं. अरफातनं खोकं आणलं, हातमोजे, पांढरे पातळ कपडे, जाड प्लॅस्टिकचे गठ्ठे, आणि परवाना असलेली गाडी. जावयानं शेजाऱ्याकडून उसावर फवारायचा पाठीवरचा पंप मागून आणला.

चाचा पांढरा कपडा अंगात घालून, मास्क लावून चढले. पाठीवर पंप. वरून त्यांनी पत्र्यावर हळूहळू पाणी सोडलं. राखाडी पत्रा काळा पडत गेला, पन्हळीतून थेंब ओघळू लागले. त्यांनी घण हातात घेतला नाही. प्रत्येक हुक त्याच्या डोक्याखाली पकडीनं धरून कापला. पत्रा उचलून, कडेला न घासता, खाली उभ्या जावयाच्या आणि गड्यांच्या हातात दिला. आज कुणी गप्पा मारत नव्हतं. मास्कमधून बोलायला जमतही नव्हतं. अरफातही हातमोजे घालून पत्रे धरायला आला. चाचांनी त्याला नको म्हटलं नाही, पण ज्या पत्र्याला तो हात लावी, तो प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळला गेला का, ते खाली वाकून पुन्हा बघत.

कापलेल्या कडेवरून त्यांनी एकदा ओलं फडकं फिरवलं. फडक्यावर बारीक, पांढरट केस चिकटले होते. चाळीस वर्षं हा पत्रा त्यांच्या हातात होता आणि त्यांनी त्याची कड कधी अशी बघितली नव्हती. फडकंही त्यांनी प्लॅस्टिकमध्ये टाकलं.

मग न्हाणी. तिथली भर त्यांनी पाण्यानं भिजवून, फावड्यानं हळू काढून पोत्यांत भरली. पेरूची खालची पानं पुसून काढली. उंबरा दोनदा पुसला. दुपार कलली तेव्हा घराला फक्त भिंती उरल्या होत्या आणि आत लख्ख ऊन पडलं होतं, ताटाळ्याच्या मोकळ्या जागेवर, पलंगाच्या जागेवर, भिंतीतल्या घड्याळाच्या खिळ्यावर.

अरफातनं कागद आणि पेन पुढे केलं. "आता तर खरं झालं ना मामू? करा सही."

चाचांनी साजियाला बोलावलं. "ती मुसक्याची वळ कुठं हाय, दाव."

तिनं दाखवली. त्यांनी तिच्यावर जाड रेघ मारली. मग पाणी मारल्याची ओळ, अखंड उतरवल्याची ओळ. चाळीत तसं झालं नव्हतं. मग प्लॅस्टिकची आणि शेवटची ओळ. "आता खाली लिव," ते म्हणाले. साजियानं लिहिलं, ते सांगत होते तसं: 'चाळीतले पत्रे मी कोरडे आणि फोडून काढले, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यातले बावीस मला दिले. ते मी माझ्या मुलीच्या घरावर घातले. आज ओले करून उतरवले.'

अरफात वाचत होता. "मामू, असा कागद कुणी घेत न्हाय."

"मग न घेऊ दे."

"माझं लायसन जाईल."

चाचांनी त्याच्याकडे बघितलं. खाली, आपल्या छापील नावासमोर, त्यांनी अक्षर अक्षर सही केली. 'प्रमुख' शब्दाला हात लावला नाही. कागद अरफातला न देता साजियाकडे दिला. "ह्याची एक नक्कल आपल्याकडं ऱ्हाऊ दे."

गाडी निघायची वेळ झाली. चाचा पांढरा कपडा काढून, हातपाय धुऊन, ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले.

"तुमी कुठं निघालाय?" अरफात खिडकीशी आला. "लांब हाय ते. चार तास जायला. मी बघतो सगळं, पावती आणतो."

"आणशील."

"मग?"

साजियानं धावत येऊन भाकरी बांधून दिली, पाण्याची बाटली दिली. अरफात अजून खिडकीची कड धरून उभा होता.

"माझ्यावर एवढाबी इस्वास न्हाय, मामू?"

"दार लावून घ्या," चाचा ड्रायव्हरला म्हणाले.

डाळजला गाडी हमरस्त्याला लागली. आरशात अरफातची पांढरी मोटार मागे दिसत होती. भिगवणपर्यंत ती मागे होती. तिथे ती बारामतीच्या रस्त्याला वळली. ड्रायव्हरनं विचारलं, चाचा, तो तुमचा पोरगा का? चाचांनी खिडकीतून हात बाहेर काढून मागच्या गठ्ठ्यावरचं सुटू लागलेलं प्लॅस्टिक दाबून धरलं, आणि गाडी जरा हळू घ्यायला सांगितली.